शेगड्यांसमोरची खुर्ची

आमची सोसायटी पाडायची ठरली आहे. विश्रांतवाडीत सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी रीडेव्हलपमेंट. आमच्या तीन मजल्यांच्या जागी म्हणे अकरा येणार. येऊ देत. या वयात मला कुठल्याही मजल्यावर पाठवा, गुडघे तेच असणार आहेत. बिल्डरचा माणूस मोजमापं घ्यायला आला तेव्हा सेक्रेटरीने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, कारण सोसायटीत रिकामटेकडा असा मीच सापडतो. दुसऱ्या मजल्यावरचं इनामदारांचं घर कित्येक वर्षांनी उघडलं. आत काही नव्हतं. बाहेरच्या खोलीत भिंतीवर तेवढा जुना स्विचबोर्ड होता आणि त्यातल्या तीन बटणांवर लाल नेलपॉलिशने एक, दोन, तीन असे आकडे काढलेले होते. बिल्डरच्या माणसाने विचारलं, "काका, हे काय आहे?" मी म्हटलं, "बटणं आहेत." खरं सांगायला बसलो असतो तर त्याची दुपार गेली असती, आणि माझ्यातही तेवढं त्राण नव्हतं. जिना उतरताना मात्र वाटत राहिलं की आता हे आकडे बघून कुणाला काही कळेल असा या इमारतीत मी एकटाच उरलो आहे. म्हणून बसलोय लिहायला.

यूसुफ इनामदार आमच्या बरोबर वर राहायचे. आळंदी रस्त्यावरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आवाज मोजण्याच्या खात्यात अधिकारी होते. उंच, काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. बोलणं इतकं हळू की त्यांच्याशी बोलताना माणूस आपोआप पुढे वाकायचा. भाजीवाल्याशी घासाघीस करायला ते कधी गेलेच नाहीत, कारण त्यांचा भाव त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही. मी त्या काळी पालिकेच्या पाणी खात्यात तक्रारींच्या टेबलावर होतो. दिवसभर लोक माझ्यावर ओरडायचे. पाणी आलं नाही म्हणून ओरडायचे, आलं तर गढूळ आलं म्हणून ओरडायचे. संध्याकाळी घरी आलो की कान शिणलेले असायचे. अशा माणसाला वरच्या मजल्यावर एक कुजबुजणारा शेजारी मिळणं हे नशीबच म्हणायचं.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो ते डिसेंबरात. त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. बाहेरच्या खोलीत भिंतीपासून बऱ्याच पुढे, अगदी वाटेत, दोन मोठ्या बुटक्या वस्तू बारीक पायांवर उभ्या होत्या. समोरून सोनेरी रंगाची, किंचित फुगीर जाळी. मला वाटलं, वा, साहेबांनी खोली गरम करायची विलायती शेगडी आणलेली दिसते. मी पुढे होऊन दोन्ही हात शेकायला धरले.

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. "कदम भावजी, ऊब लागली तर मलाही सांगा. बारा वर्षं झाली, मला अजून लागलेली नाही."

या रुक्सानाभाभी. येरवड्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. मुलं त्यांना घाबरायची आणि साहेबही थोडे घाबरायचे.

इनामदार अजिबात हसले नाहीत. म्हणाले, "हात मागे घ्या. आत हजारो व्होल्ट आहेत." मग मला शांतपणे सांगितलं की हे स्पीकर आहेत आणि शेगडी समजणारा मी पहिला नव्हे. जुन्या बाजारातल्या ज्या माणसाकडून त्यांनी ते घेतले, तोसुद्धा विलायती शेगड्या म्हणूनच विकत होता. कॅम्पातल्या कुणा पारशी बाईंचं बिऱ्हाड परदेशी निघालं होतं, त्या सामानातून त्या आल्या होत्या. "तो म्हणाला, साहेब, बिघडलेल्या आहेत, तापत नाहीत. मी म्हटलं, चालेल." तोवरच्या आयुष्यात त्यांनी केलेली एवढी एकच लबाडी माझ्या माहितीत आहे. तेव्हापासून भाभी त्यांना शेगड्याच म्हणायच्या, आणि पुढे आम्हीही.

साध्या स्पीकरात कागदाचा भोंगा असतो. यांच्यात भोंगा नव्हता. दोन जाळ्यांच्या मधे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा प्लास्टिकचा पडदा ताणलेला, आणि त्यावर विजेचा भार. गाणं लागलं की तो अख्खा पडदा केसभर मागेपुढे होतो, बस. जोर जास्त झाला की पडदा आणि जाळी यांच्यामधे ठिणगी पडते आणि पडद्याला भोक. म्हणून या स्पीकरांना कुठला अँप्लिफायर लावायचा, हा इनामदारांच्या लेखी मुलगी कुठे द्यायची याच्याइतका गंभीर प्रश्न होता. त्यांच्याकडे एक जुना व्हॉल्वचा अँप्लिफायर होता, लोखंडी, कोळशासारखा काळा, चालू केला की आत मंद नारिंगी दिवे लागायचे. ताकद जेमतेम पंधरा वॉट. मी एकदा म्हटलं, साहेब, बाजारात आता याच्या दहापट ताकदीचे मिळतात. ते म्हणाले, "तेच तर. हे स्पीकर वरच्या स्वरांना एकदम फार वीज मागतात. नवे अँप्लिफायर तिथे बावचळतात, आणि बावचळलेल्या ताकदवानासारखं वाईट काही नाही. याच्याकडे पडदा जाळण्याइतकी ताकदच नाही. चूक करायची म्हटली तरी माझ्या हातून होत नाही. सुरक्षित म्हणतात ते याला."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर इतक्या वेळा म्हटलं असेल की पुढेपुढे मला ते स्पीकरबद्दल न वाटता एकूणच त्यांच्या जगण्याबद्दल वाटायला लागलं. त्यांनी स्कूटर घेतली नाही, सायकल चालवली. बढती घेऊन दिल्लीला गेले नाहीत. भांडण होईल अशा विषयावर ते बोलतच नसत. चूक करायची म्हटली तरी होऊ नये, अशी सगळी मांडणी.

त्यांच्याकडे गाणं ऐकणं म्हणजे एक व्रतच होतं. आधी एक नंबरचं बटण, म्हणजे स्पीकरांना वीज. मग थांबायचं, कारण पडद्यावर भार हळूहळू चढतो. किती थांबायचं, तर चहा होऊन पिऊन होईपर्यंत. मग दोन नंबर, अँप्लिफायर. तो गरम झाला की तीन नंबर, टेप. बंद करताना उलट क्रम. एकदा भाभींनी घाईत क्रम चुकवला तेव्हा इनामदार तीन दिवस काही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं ओळखू यायलाच भाभींना दोन दिवस लागले. मग त्यांनी स्वतःचं नेलपॉलिश घेऊन बटणांवर आकडे काढले आणि म्हणाल्या, "घ्या. आता तुमचं मांजरसुद्धा चुकणार नाही." मांजर त्यांच्याकडे नव्हतं.

पावसाळ्यात सगळं बंद. दमट हवेत आत बारीक तडतड सुरू होते, भार गळतो. त्यामुळे आषाढ लागला की शेगड्यांवर जुनी पांढरी चादर पडायची, ती दिवाळीच्या सुमाराला कोरडी हवा आल्यावर उघडायची. समोरच्या जोशीकाकू त्याला इनामदारांचा चातुर्मास म्हणायच्या. एकदा जिन्यात त्यांना म्हणाल्या, "अहो, आम्ही नुसतं कांदा-लसूण सोडतो. तुम्ही तर गाणंच सोडता. तुमचं जास्त कडक आहे." इनामदार म्हणाले, "कांद्याला भोक पडत नाही काकू." काकूंना नेहमीप्रमाणे ऐकू गेलं नाही, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली.

गणपतीच्या वेळी व्हायचं ते झालं. मंडळाच्या पोरांना कळलं की दुसऱ्या मजल्यावर दाराएवढे स्पीकर आहेत. अध्यक्षांना घेऊन शिष्टमंडळ वर गेलं. इनामदारांनी सगळ्यांना पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चादर काढून देतो. पण याच्यासमोर एकच खुर्ची ठेवावी लागते. त्या खुर्चीत बसलेल्याला नीट ऐकू येतं, बाकीच्यांना अर्धंमुर्धं. तर भाविकांना एकेक करून बसवा." अध्यक्षांना वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. खाली येऊन म्हणाले, "स्पीकर एवढाले आणि मन बघा केवढं." ते वाक्य सोसायटीत दोन-चार वर्षं चाललं. टिंगल नव्हती ती. खरंच त्या स्पीकरांसमोर जागा एकच असते.

ती एक खुर्ची भाभींची होती. वेताची, पाठीला उशी. जमिनीवर तिच्या पायांच्या खुणा होत्या. इनामदार कधीही तिच्यात बसले नाहीत. ते बाजूला, भिंतीशी स्टुलावर बसायचे, जिथून एकच शेगडी नीट ऐकू यायची. मी एकदा म्हटलं, "साहेब, एवढा खटाटोप तुमचा, आणि बसता तुम्ही चुकीच्या जागी." ते म्हणाले, "मला चुकीच्या जागेवरून कळतं बरोबर चाललंय का." भाभी म्हणाल्या, "त्यांना गाणं नको असतं भावजी. त्यांना माझा चेहरा बघायचा असतो, आवडलं की नाही." इनामदारांनी लगेच उठून अँप्लिफायरवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

या शेगड्यांवर ऐकायच्या टेपा पुष्कळ होत्या, पण एक टेप वेगळी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात इनामदारांनी प्रयोगशाळेतलं रेकॉर्डर तपासायला घरी आणलं होतं. भाभींची आई तेव्हा लेकीकडे आली होती. मायलेकी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या आणि रेकॉर्डर चालूच राहिलं. टेपवर दुसरं काही नाही. सुपातले तांदूळ, बांगड्या, रस्त्यावरून गेलेला टांगा, आणि मधेच आईचा आवाज, त्यांच्या घरच्या बोलीत, "तू खाई की नइ?" म्हणजे तू जेवलीस की नाही. लेक काहीतरी पुटपुटते. पुन्हा तांदूळ. आई त्यानंतर लवकरच गेली. तिचा आवाज म्हणून एवढाच शिल्लक.

जुन्या बाजारातून आणलेल्या शेगड्या दुरुस्त करून झाल्यावर इनामदारांनी ती टेप पहिल्यांदा लावली तेव्हा आई बोलली आणि भाभी खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागल्या. हे मला इनामदारांनी सांगितलं. "फोटोत माणूस दिसतो," ते म्हणाले, "पण तो गेलेला दिसतो. हिला त्या दिवशी अम्मी आलेली वाटली." दरवर्षी दिवाळीनंतर चादर निघाली की पहिली ती टेप लागायची. मी दोनदा ऐकली आहे. मला ती बाई माहीत नव्हती, पण दोन शेगड्यांच्या मधे, जमिनीपासून हातभर उंचीवर, तिथे जिथे काहीच नव्हतं, तिथून ती बोलायची. मान फिरवली तर दिसेल असं वाटायचं.

त्यांचा मुलगा इमरान बंगळुरूला कंपनीत. गुणी मुलगा. मी माझ्या धाकटीसाठी एक स्थळ बघत होतो तेव्हा तिकडचा मुलगा इनामदारांना दाखवला होता, ते म्हणाले, "चांगला आहे. फक्त त्याला आवाज कमी करता येत नाही." ते स्थळ मी सोडलं, आणि अजूनही त्यांचे आभार मानतो. पण स्वतःच्या मुलाच्या बाबतीत त्यांना हे इतकं थोडक्यात सांगता आलं नाही. इमरान एका सुट्टीत भला मोठा नवा अँप्लिफायर घेऊन आला. दोन माणसांनी उचलायचा. वडिलांच्या त्या जुनाट लोखंडाच्या जागी शोभेल असा, निळे दिवे, चकचकीत बटणं. इनामदारांनी दोन दिवस त्याला मीटर लावून तपासलं आणि म्हणाले, "उत्तम आहे. आपल्याकडे नको."

इमरान म्हणाला, "अब्बा, वर्ल्ड क्लास आहे. रिव्ह्यू वाचून घेतलाय. लावून तरी बघा, व्हॉल्यूम कमी ठेवा."

"कमी ठेवीन मी. पण एखाद्या दिवशी हात चुकला तर? पडदा एकदाच जातो."

"मग जाऊ दे की. नवीन घेऊ."

हे त्याने म्हणायला नको होतं. अँप्लिफायर पुन्हा खोक्यात गेला आणि खोकं माळ्यावर. इमरान त्यानंतर येताना मिठाई आणायचा, बाकी काही नाही.

आणि मग भाभींचे कान गेले. एकदम नाही. आधी कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात, मग बेल, मग माणसं. ज्या बाईचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तिला पहिल्या बाकावरचं ऐकू येईना. कानाचं यंत्र आणलं. त्या म्हणाल्या, "याच्यात भांडी ऐकू येतात, माणसं नाही," आणि ते डब्यात गेलं. त्यात इनामदारांचा तो आवाज. चाळीस वर्षं त्या हळू आवाजावर त्यांनी संसार केला होता, आता तो त्यांच्यापर्यंत पोचेना. एकाच घरात दोघं जण हातवारे करत राहायला लागले. इनामदारही थकले होते. स्वयंपाक, औषधं, दवाखान्याच्या रांगा, सगळं त्यांच्याकडे. जिन्यात भेटले की कठड्याला धरून थांबायचे आणि म्हणायचे, "चाललंय." मी म्हणायचो, "चाललंय." आमच्या वयाला दुसरं काय बोलायचं असतं.

त्या दिवाळीनंतर चादर निघाली, टेप लागली, आणि भाभी खुर्चीत बसून वाट बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लावा ना आता." टेप तोवर अर्धी होऊन गेली होती.

इनामदारांनी हेडफोन लावून बघितले. भाभी म्हणाल्या, "ही डोक्यात बोलतेय. खोलीत नाही." इमरानने साधे मोठे बॉक्स स्पीकर पाठवले, भरपूर आवाजाचे. ते लावले, आवाज आला, भाभींनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "ही कुणीतरी बाई आहे." मग त्या पुन्हा काही मागेनाशा झाल्या. एकदा मात्र मी बसलेलो असताना अचानक म्हणाल्या, "भावजी, मला अम्मीचा आवाज आठवत नाहीये. चेहरा आठवतो. आवाज आठवायला गेलं की माझाच येतो." इनामदार स्टुलावर बसले होते. त्यांनी ते ऐकलं, आणि त्यांना ऐकू गेलंय हे भाभींना माहीत नव्हतं, कारण आता त्यांना स्वतःचा आवाजही किती मोठा आहे ते कळत नसे.

जानेवारीतल्या एका दुपारी इनामदार खाली आले. म्हणाले, "कदम, जरा वर याल? माळ्यावरचं एक खोकं उतरवायचंय. जड आहे."

कुठलं खोकं ते मला लगेच कळलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून नुसत्या चपला घातल्या. आम्ही दोन म्हाताऱ्यांनी, मधे दोनदा थांबून, इमरानचा अँप्लिफायर खाली उतरवला. इनामदारांनी तारा सोडल्या, नव्या जोडल्या. जोडणी नेहमीसारखी. भाभींनी बघितलं आणि ओरडून म्हणाल्या, "अहो, काय करताय? माझ्यासाठी तुमच्या शेगड्या जाळू नका." इनामदारांनी हात हलवून 'काही नाही' अशी खूण केली. त्यांना खुर्चीत बसवलं. एक नंबरचं बटण दाबलं आणि चहा टाकला.

होय, त्या दिवशीही चहा झाला. आम्ही तिघांनी प्यायला घेतला. मी एकदाच विचारलं, "साहेब, किती सोसेल?" ते म्हणाले, "जेवढं हिला लागेल तेवढं सोसणार नाही. कदाचित अम्मीच्या वाक्यापर्यंत पोचेल." मग दोन नंबर. मग तीन.

ते आज भिंतीशी बसले नाहीत. अँप्लिफायरशी उकिडवे बसले, एक हात बटणावर, तोंड भाभींकडे. तांदूळ सुरू झाले. आवाज वाढत गेला. माझ्या कानांना ते नकोसं व्हायला लागलं. सुपातला एकेक दाणा पत्र्यावर पडल्यासारखा. बांगड्या. टांगा खोलीतून गेला. भाभींचा चेहरा कोराच. इनामदारांनी आणखी फिरवलं. उजवीकडच्या शेगडीत एक बारीक टिकटिक सुरू झाली. ती मला ऐकू आली म्हणजे त्यांना नक्कीच आली. त्यांनी बटण मागे घेतलं नाही. आणखी फिरवलं.

"तू खाई की नइ?"

भाभी ताठ झाल्या. मानसुद्धा वळवली नाही. खुर्चीतूनच, लहान मुलीने द्यावं तसं उत्तर दिलं, "खाई ना अम्मी."

त्याच वेळी जाळीमागे निळसर उजेड पडला, चट्ट असा आवाज झाला आणि जळल्याचा वास आला. उजवी शेगडी गेली. डावीकडून तेवढे तांदूळ पडत राहिले. इनामदार उठले आणि तीन, दोन, एक, अशा क्रमाने बटणं बंद केली.

भाभींचे डोळे भरलेले होते. त्यांनी विचारलं, "बंद का केलंत?"

इनामदारांनी त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट दिसतील असं सांगितलं, "टेप संपली."

"एवढीच होती?"

"एवढीच."

मला तिथे बसवेना. दारापर्यंत पोचवायला ते आले तेव्हा मी म्हटलं, "दुरुस्त होईल ना? मुंबईत कुणी असेल." ते म्हणाले, "होईल की. पडदा नवा ताणता येतो." मग दाराची कडी धरून, "पण कदम, ऐकणार कोण? तिनं ऐकलं. झालं काम त्याचं." मला वाटलं होतं, हा माणूस आता कोसळेल. तसं काही झालं नाही. फार दमलेले होते, एवढंच. म्हणाले, "तुमचा चहा अर्धा राहिला आत," आणि दार लावून घेतलं.

शेगड्यांवर पुन्हा चादर पडली, ती ऐन थंडीत. पुढच्या वर्षी इमरान दोघांना बंगळुरूला घेऊन गेला. शेगड्याही गेल्या, चालणारी आणि न चालणारी, दोन्ही. टेम्पोत चढवताना हमालाने विचारलं, "काका, हीटर का?" इनामदारांनी मान डोलावली. ते पुन्हा इकडे आले नाहीत. इमरानचा आधी भाभींबद्दल आणि मग साहेबांबद्दल फोन आला, तेव्हा दोन्ही वेळा मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते जाण्याआधीच्या त्या महिन्यांतले इनामदार. दुपारी जेवणं झाली की ते भाभींना खाली आवारात बाकावर उन्हात आणून बसवायचे. एके दिवशी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतो. भाभी बाकावर, डोळे मिटलेले. इनामदार शेजारी. त्यांनी तोंडाशी दोन्ही हातांचा भोंगा केला, भाभींच्या कानाशी वाकले आणि ओरडले. अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडले. त्या गळ्याला ओरडायची सवय नव्हती. आवाज फाटला, चिरकला, मधेच बसला. फाटलेला आवाज ज्या माणसाला दुसऱ्याच्या रेडिओतून सोसायचा नाही, तो माणूस.

"तू खाई की नइ?"

जोशीकाकू दारात आल्या. वरच्या मजल्यावरची पोरं कठड्याशी आली. इनामदारांनी वर बघितलंसुद्धा नाही. श्वास घेतला आणि पुन्हा ओरडले.

भाभींनी डोळे उघडले नाहीत. आपल्या त्या शेवटच्या बाकापर्यंतच्या आवाजात म्हणाल्या, "चिल्लाते कायको? सुनती ना मैं."

इनामदार मागे टेकले. तोंडापुढचे हात मांडीवर घेतले आणि भाभींच्या चेहऱ्याकडे बघत बसले.